गांधीलमाशीनंतरचं सांबार

कुंभकोणमच्या मराठी मंडळींच्या रामनवमीला चाळीस वर्षं सांबार सेतुरामरावांच्याच हातचं. तोंडही तसंच तिखट. त्यांच्या चुलीपाशी सूचना करायला गेलेला माणूस परत येताना गप्प असे.

यंदा सणाला दहा दिवस असताना ते केळीची पानं ठरवायला जवळच्या साक्कोट्टै गावी गेले आणि कानामागे गांधीलमाशी डसली. त्यांनी चुना लावला, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि विसरून गेले. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून थेट सदऱ्यावर. आरशात पाहतात तर डावा गाल ओघळलेला, डावा डोळा मिटायलाच तयार नाही.

"दंशानंतर चेहऱ्याची नस अशी बिघडणं फार क्वचित, लाखात एखाद्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या घ्या. सुधारायला महिना-दोन महिने लागतील."

लाखात आपणच, याचा रावांना थोडा अभिमानही वाटला. पण घरी येऊन जिभेच्या डाव्या बाजूवर गूळ ठेवला, तर नुसती माती! धीरच सुटला. चव गेलेला आचारी कसला? मोठी पळी त्यांनी पुतण्याला, बँकेतल्या नटराजला देऊन टाकली. दोन दिवस ते कुणाशी भांडलेसुद्धा नाहीत, तेव्हा त्यांच्या बायकोला, सुंदरीबाईंना, खरी भीती वाटली.

रामनवमीला राव डोळ्याला पट्टी लावून कोपऱ्यात बसले. नटराजनं मीठ घातलं, घुटमळला, आणि तळहातावर थेंबभर सांबार घेऊन तोंडाकडे नेलं.

"अय्यो! नैवेद्याआधीं उष्टें करतोस?" राव अर्ध्या तोंडानं पूर्ण ओरडले.

"मग मीठ कळायचं कसं, काका?"

"वासानें! उकळीनें! चाळीस वर्षें मी काय चाखून…"

राव थबकले.

खोबरं खवणाऱ्या सुंदरीबाईंनी वर पाहिलं. "मीही तेंच म्हणतें. इतकीं वर्षें जीभ तुम्हांस लागली कशास? भांडायासच ना?"

राव उठले. पातेल्यावर वाकून त्यांनी शाबूत असलेलं नाक वाफेत धरलं. "चिमूटभर कमी," म्हणाले आणि पळी काढून घेतली.

तीनशे पानं उठल्यावर ते जेवायला बसले. पहिला घास मुद्दाम उजव्या गालात घेतला. पट्टीखालचा डोळा तर सहा दिवस वाहतच होता. आता उजवाही वाहू लागला.

"मीठ जास्त झालें काय हो?" सुंदरीबाई घाबरल्या.

"नाहीं, सुंदरी," राव म्हणाले. "बरोबर झालें."