शब्बीरभाईंचं अक्षर

मशीन सुरू झालं, पण पेनड्राइव्ह लावताच पुन्हा अडकलं. देविदासभाऊंनी सवयीनं कॅबिनेटवर हलकी थाप मारली.

"येते थोड्या वेळानं लाइनीवर," ते म्हणाले.

अंजनगाव सुर्जीत त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. मी अमरावतीहून त्यांची कॉम्प्युटर दुरुस्ती बघते. मशीनवर विंडोज सेव्हन होती. तिला आता अपडेट येत नाहीत, म्हणजे नव्या व्हायरसपासून बचाव नाही. त्यात हार्ड डिस्क, म्हणजे सगळं साठवणारा भाग, खरखरत होती. लग्नसराई तोंडावर आलेली.

डिझाइन त्यांची सून पल्लवी करते. ती सासऱ्यांसमोरच म्हणाली, "ताई, लोकं व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवतात. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमधी नुसते चौकोन दिसतात. मी सगळं दुसऱ्यांदा टाइप करून राहिली. मामाजीले समजावून सांगा."

"मी कुठं नाई म्हणतो?" देविदासभाऊ म्हणाले. "फक्त शब्बीरचं अक्षर नव्यात आलं पायजे."

शब्बीरभाई पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापखाना दोघांनी मिळून काढला होता. शब्बीरभाईंनी कागदावर अक्षरं काढली आणि त्यावरून देविदासभाऊंनी फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा साचा, करून घेतला. त्यातला 'श्री' असा काही वळायचा की पत्रिका कुठून आली ते लांबूनच कळायचं. पुढे शब्बीरभाई मुलाकडे सुरतेला गेले. भांडण नव्हतं, काही नव्हतं. आधी दर आठवड्याला फोन व्हायचे, मग ईदला, मग तेही राहिलं.

मी आधी जुन्या डिस्कची पूर्ण कॉपी घेतली. मग वेगळ्या डिस्कवर नवीन विंडोज टाकून पाहिली. पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडेना. ते डोंगलवर चालतं. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे लावायचं छोटं कुलूपच. नवी विंडोज ते ओळखत नव्हती. सॉफ्टवेअर करणाऱ्यानं धंदा कधीच बंद केलेला. फॉन्ट त्या सॉफ्टवेअरच्या आत अडकलेला, बाहेर निघेना.

"छापलेल्या पत्रिकेवरून ते वळण नीट उतरत नाही. मूळ कागद असतील तर नवीन फॉन्ट करून घेता येईल," मी म्हटलं.

"शब्बीरपाशी असतीन."

"मग फोन लावा."

ते मोबाइल हातात धरून बसून राहिले. "इतक्या दिवसांनी कामासाठीच लावू काय?"

शेवटी पल्लवीनं नंबर लावून स्पीकर सुरू केला.

"देविदास?" पलीकडून आवाज आला. "खैरियत आहे ना?"

"आहे. तुह्या अक्षराचे कागद पायजे होते."

"ते तर तिकडचं घर खाली केलं तवाच रद्दीत गेले. अजून माह्याच अक्षरात छापून राहिला काय तू?"

"मंग कोणाच्या छापू?"



"नवीन काढून देतो म्हटलं तर हात थरथरते रे," शब्बीरभाई म्हणाले. "इथल्या गुजराती पाट्यांवर अक्षराले वरची रेघच नाई. उघडी उघडी वाटतात मले. बसल्या बसल्या मी मनातच त्याईले रेघ मारत रायतो."

"येऊन जाय ना इकडं."

"गुडघे नाई म्हणतात. तूच ये."

"लग्नसराई आहे."

"ते तर दरसालच असते."

फोन ठेवल्यावर देविदासभाऊंनी मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाले, "ताई, नवीन बसवा."

पल्लवीसाठी नवीन मशीन बसवलं. जुन्यात कॉपी केलेली डिस्क टाकली, नेटची वायर काढली आणि ते कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं. नेट नाही, पेनड्राइव्ह नाही, म्हणजे तितका धोका नाही. पण तेही किती दिवस चालेल, हे मी सांगू शकले नाही. दुपारी देविदासभाऊ तिथं बसतात. कुणी न मागितलेल्या पत्रिका जुळवतात, एक प्रत छापतात आणि ड्रॉवरमध्ये ठेवतात.

लग्नसराई पार पडली. अक्षर का बदललं, असं एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही. देविदासभाऊंनी मला दोनदा अमरावतीहून सुरतेला जाणारी गाडी दाखवायला सांगितली. मी दाखवली. त्यांनी वेळ वाचली, बर्थ आहे का तेही पाहिलं. "पुढच्या महिन्यात पाहू," म्हणाले.

अपग्रेड करू की नको, असं विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते: जुनी सिस्टिम चालू आहे तोवरच तिच्यातलं हवं ते काढून घ्या. बंद पडल्यावर आम्हाला बोलावता, तेव्हा आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.