पिवळ्या ताडपत्रीवरचा ब्रिक गेम

रायपूरच्या जुन्या बाजारात जाणार असाल तर सोबत तीन गोष्टी न्या: दोन पेन्सिल सेल, एक खोडरबर आणि एक मावसबहीण. पहिल्या दोन मी गोंदियाहून नेल्या. तिसरी रायपूर स्टेशनवर घ्यायला आली होती.

जायचं कारण आधीच सांगते, नाहीतर मला जुन्या वस्तूंची हौस आहे असा कोणाचा समज व्हायचा. मला हौस नाही. मला एक ब्रिक गेम हवा होता. राखाडी, दोन्ही बाजूंना फुगीर, पिवळ्या बटणांचा, ज्यात वरून ठोकळे पडतात आणि ओळ भरली की ती नाहीशी होते. तसा आमच्या घरी एक होता. मी दुसरीत असताना बाबांनी तो मंडईतून, म्हणजे दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी भरते त्या जत्रेतून, माझ्यासाठी आणला. आठवड्याभरात तो आईचा झाला.

आई राईस मिलमध्ये कामाला जायची. शाळा तिनं बाहेरून पाहिली होती. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. बटणांवरची अक्षरं तिला वाचता येत नसत, म्हणून चालू करायच्या आणि ठोकळा फिरवायच्या बटणावर तिनं लाल नेलपॉलिशचं एकेक टिंब दिलं. खेळ संपला की पडदा माझ्याकडे वळवून विचारायची, "किती झाले?" मी सांगायची. वर्षभरानं तिनं विचारणं बंद केलं, कारण आकडे तिला वाचता यायला लागले होते. आधी शेकडे, मग हजार, मग बसचा नंबर, मग गॅसच्या पावतीवरची रक्कम. या गेमचे सेल काढले की आतला सर्वांत मोठा स्कोअर पुसला जातो. म्हणून सेल बदलण्याआधी आई तो आकडा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीनं लिहायची. एकाखाली एक. तिच्या हातचं लिहिलेलं घरात दुसरं काही नाही.

मागच्या दिवाळीआधी माझ्या कॉलेजमधल्या दोघी अचानक घरी आल्या. (मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते.) आई पुढच्या खोलीत खेळत बसली होती. मी गेम तिच्या हातातून घेतला आणि जवळच्या खोक्यात ठेवला. त्या खोक्यात बंद पडलेले रिमोट होते. चार दिवसांनी साफसफाईत मी ते खोकं भंगारवाल्याला दिलं. आत काय आहे ते पाहिलं नाही. एरवी मी लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघते.

पाच महिने झाले, आईनं गेमबद्दल एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत राहिले. कपाट उघडलं की आकड्यांची ओळ दिसायची आणि शेवटच्या आकड्याखाली रिकामं दार. शेवटी मी ठरवलं: तसाच दुसरा शोधायचा, कपाटामागे ठेवायचा आणि सापडला म्हणायचं. ऑनलाइन मिळतात ते लालभडक आणि चपटे असतात, ते आईनं दुरूनच ओळखले असते. भंगारवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "असला माल रायपूरले जाते ताई. तिथून पुढचं मले नाही माहीत."

रायपूरला मावशी आहे. म्हणून रायपूर.

गोंदिया ते रायपूर साधारण तीन तास. साध्या डब्याचं तिकीट शंभराच्या आत, पण शनिवारी दुपारी बसायला जागा मिळेल असं गृहीत धरू नका. मी डोंगरगडपर्यंत उभी होते. दरेकसाच्या बोगद्यात डब्यातला अंधार अर्धा मिनिट टिकतो. तेवढ्या वेळात माझा पाय तीन वेगवेगळ्या लोकांनी तुडवला आणि तिघांनीही 'सॉरी' मात्र दुसऱ्याच कोणाला तरी म्हटलं. डोंगरगडला देवीला जाणारे उतरले, मग खिडकी मिळाली.

मावशीची मुलगी रिंकू स्कूटी घेऊन आली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. मी विचारलं, "तुले तो बाजार नक्की माहीत आहे ना?" ती म्हणाली, "दीदी, बैठो तो."

शनिवारी संध्याकाळी आम्ही पंडरीत पाहून आलो. पंडरी म्हणजे कपड्यांचा ठोक बाजार. त्याच्या आजूबाजूला दुरुस्तीची चार-पाच दुकानं आहेत. एका दुकानात जुना कॅल्क्युलेटर होता. सगळ्या बेरजा बरोबर करायचा, फक्त आठ दाखवायचा नाही. दुकानदार दोनशे म्हणाला. रिंकूनं विचारलं, "और आठ चाहिए हो तो?" तो म्हणाला, "तो नया ले लो बहन." ब्रिक गेम कुठेच नव्हता. रात्री मावशीनं भाजीभाकरी केली आणि मी काय शोधते आहे हे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "ग्रंथालयासाठी काहीतरी" म्हटलं. ग्रंथालयाला ब्रिक गेम लागत नाही. रिंकूला मात्र मी बेत सांगितला होता.

खरा बाजार रविवारी सकाळी. सदर बाजाराकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत, बंद शटरांपुढे, सात ते साधारण दहा. पोलीस येऊन गेले की साडेनऊलाच संपतो. जाताना कोपऱ्यावर चीला खा. तांदळाच्या पिठाचं धिरडं, सोबत टोमॅटोची चटणी. पोट भरलेलं असलं की घासाघीस नीट होते, हे रिंकूचं मत. मी घासाघीस करत नाही. मला समोरच्याची दया येते आणि मग दोघांचाही वेळ जातो.

बाजारात इस्त्र्या, टेपरेकॉर्डर, कॅसेट, फोन उचलल्यावर जुन्या माणसाचा आवाज येईल असे जड टेलिफोन. ज्यातून लोखंड निघतं ते आधीच शहराबाहेर सिलतराच्या पोलादाच्या भट्ट्यांकडे जातं. इथं येतो तो उरलेला माल. शेवटच्या शटरापुढे पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, सगळे त्यांना काकी म्हणत होते. त्यांच्यापुढे दोन ताडपत्र्या: निळी आणि पिवळी. मधे एका विटेवर एकटा रेडिओ.

"नीले पे चालू, पीले पे बंद," काकी म्हणाल्या.

"और ये?" मी रेडिओकडे बोट दाखवलं.

"ये बोलता है, गाता नहीं."

निळ्या ताडपत्रीवरच्या वस्तूला ठरलेला भाव. पिवळ्यावरचं सगळं किलोनं, ऐंशी रुपये. तपासायला सेल गिऱ्हाइकानं आपला आणायचा. काकी सेल देत नाहीत, कारण पूर्वी द्यायच्या आणि लोक सेल घेऊन जायचे.

निळ्यावर काही नव्हतं. पिवळ्यावर, एका इस्त्रीखाली, तो होता. राखाडी, फुगीर, पिवळी बटणं. मी तो उचलला आणि दोन्ही हातांनी धरला. सेल घातले. काही नाही.

"बंद हे नोनी," काकी म्हणाल्या. इकडे मुलीला नोनी म्हणतात. "बंद हे तभे तो उहाँ रखे हँव."

मी सेल काढून आत पाहिलं. पत्र्याच्या पट्टीवर हिरवा गंज होता. पर्समधून खोडरबर काढला, पट्टी घासली, फुंकर मारली, सेल पुन्हा घातले. गेम वाजला. तोच आवाज, पिपाणीसारखा, शेवटी जरा फाटणारा. शेजारच्या तीन दुकानांतली माणसं वळली.

इथं रिंकूनं माझी ओढणी खालून ओढली. अर्थ स्पष्ट होता. पण मला ते जमलं नाही. "काकी, ये तो चालू हो गया. आप नीले वाला दाम लीजिए."

"पिंवरा ले उठाए हस न?" पिंवरा म्हणजे पिवळा; पिवळ्यावरूनच उचललास ना, असं त्या विचारत होत्या.

"हाँ, पर..."

"त पिंवरा के भाव. जेखर हाथ मा चालू होइस, ओखर."

मी रिंकूकडे पाहिलं. "ज्याच्या हातात चालू झालं, त्याचं," ती प्रथमच मराठीत बोलली, बहुधा मला नीट कळावं म्हणून. मग हिंदीत पुढे, "नियम है इनका. अब चुप रहो."

मी गप्प राहिले नाही. म्हटलं, असा गेम लोक हौसेनं दोन-दोनशेला घेतात, तुमचं नुकसान होतंय. काकी दुखावल्या. "मैं झूठ बोल के पीले पे रखी थी क्या? बंद था, बंद बोली. अब तुम मेरे को झूठा बनाओगी?" तराजूत टाकण्याआधी त्यांनी माझे सेल काढून माझ्या हातावर ठेवले. माझेच सेल मला विकणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. बारा रुपये झाले. मी तरीही रेंगाळले, तेव्हा त्यांनी तडजोड सुचवली: "अच्छा, वो रबर दे दे."

मी खोडरबर दिला आणि पट्टी कशी घासायची ते दाखवलं. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पिवळ्यावरच्या दोन वस्तू निळ्यावर गेल्या होत्या.

रिंकूनं स्कूटी काढली. मग सिग्नलला मान न वळवता म्हणाली, "दुकानवाली से बारा रुपये के लिए आधा घंटा सच बोली. मौसी को क्या बोलोगी?" तिची मौसी म्हणजे माझी आई.

"कपाटामागं सापडला."

"अच्छा," ती म्हणाली. सिग्नल सुटला.

मी तिला स्कूटी थांबवायला लावली आणि लाल नेलपॉलिशची बाटली घेतली. तीस रुपये. गेमपेक्षा अठरा जास्त.

परतीच्या गाडीत जागा होती. दुर्ग सुटल्यावर मी बाटली उघडली. चालत्या गाडीत नेलपॉलिशनं टिंब देता येत नाही, ही माहिती कोणाला उपयोगी पडली तर पाहा. पहिलं टिंब कलिंगडाच्या बीएवढं झालं, ते पुसावं लागलं. समोरच्या बाकावर आमगावच्या एक काकू होत्या. त्यांनी बरंच सहन केलं, मग विचारलं, "नखं सोडून हे काहून रंगवून राहिली?"

"आईचा आहे."

"आईले नखं नाही काय?"

राजनांदगावला गाडी थांबली तेव्हा एक टिंब नीट आलं, डोंगरगडला दुसरं.

घरी पोचले तेव्हा आई कणीक मळत होती. मी हात-पाय धुवायच्या आधी स्वयंपाकघरात गेले, कपाटापाशी वाकले आणि ठरवलेलं वाक्य म्हटलं. "आई, हे बघ. कपाटामागं होता."

आईनं हात पुसले. गेम घेतला, उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला.

"नेलपॉलिशचा वास येऊन राहिला," ती म्हणाली. "कपाटामागं उंदरानं लावली काय?"

मी पर्समधली बाटली आणखी खाली ढकलली.

"आन् टिंब तं कधीचे गेले होते. तू नागपूरले शिकाले गेली तवाच घासून गेले. मले बटन पाठ आहेत."

म्हणजे बारा वर्षं. बारा वर्षं मी तो गेम नीट पाहिला नव्हता, आणि त्याची नक्कल करायला निघाले होते.

मग मी सांगितलं. खोकं, भंगारवाला, रायपूर, काकी, रबर. आई पुन्हा कणीक मळायला लागली होती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "त्यानं खोकं उचललं तवा मी दारातच होती."

"मग थांबवलं काहून नाही?"

"मले वाटलं तू पाहून देऊन राहिली. तू शिकलेली पोट्टी. तुह्या मैत्रिणी येतात, आई गेम खेळत बसली असते, तुले लाज वाटत असन. म्हटलं, बरोबर आहे तिचं."

ती रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. ती मला समजून घेऊन म्हणत होती, आणि पाच महिने तेच करत होती.

"दिला तो चुकून," मी म्हटलं. "पण लाज वाटली होती. म्हणून तुझ्या हातातून घेतला."

हे मी रायपूरला कोणाला सांगितलं नव्हतं. या लेखातही वर मी 'हातातून घेतला' एवढंच लिहिलंय. ते बदलत नाही, तसंच राहू देते.

"दोन्ही खरं?" आईनं विचारलं.

"दोन्ही."

"मंग ठीक आहे. पोळ्या लाट."

जेवण झाल्यावर तिनं नखानं दोन्ही टिंबं खरवडून काढली आणि खेळायला बसली. तिच्या मते या गेमचा आवाज आधीच्यापेक्षा बरा आहे, उजवं बटण जरा आखडतं. कपाटाच्या दारावर अजून काही लिहिलेलं नाही. सेल नवे आहेत.

रायपूरला पुन्हा जावंसं वाटेल का, तर हो, चील्यासाठी. आणि काकींची पिवळी ताडपत्री आता किती रिकामी झाली ते पाहायला. तुम्ही गेलात तर रबर नेऊ नका, त्यांच्याकडे आहे.

मागच्या बुधवारी कॉलेजमधल्या त्याच दोघी आल्या. बेल वाजली तशी आई गेम घेऊन आत जायला उठली. मी म्हटलं, बस ना. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि बसली. चहा झाल्यावर त्यांतली एक म्हणाली, "काकू, मी खेळू?"

"खेळ. फक्त सेल नको काढजो."

ती दोन मिनिटांत हरली. चष्मा आणला नव्हता, म्हणून तिनं पडदा आईकडे वळवला आणि विचारलं, "काकू, किती झाले?"

आईनं वाचलं. "तीनशे." मग तिला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाली, "सुरुवातीले इतकेच होतात."