रंजनाने पिसलेले पत्ते

माझी मामेबहीण रंजना पणजीच्या एका कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटते. चतुर्थीला ती घरी आली, तेव्हा आमची रमी रंगली होती. "हिला पिसायला देऊ नका हं, हिचा हात सराईत आहे!" मामा म्हणाले. सगळे हसले. ती हसली नाही.

"बाबा, आमच्या टेबलावर हजाराच्या खाली खेळता येत नाही. एवढे पैसे लावणारे लोक माझं पिसणं बघतात आणि निर्धास्त खेळतात."

परक्यांचा विश्वास बघून बसतो. घरच्यांचा मात्र कधीकधी न बघताच उडालेला असतो.  मामांनी गड्डी तिच्यापुढे सरकवली. तिने पत्ते सगळ्यांदेखत पसरले, दोन्ही तळव्यांनी कालवले, पिसले आणि कापायला मामांपुढे धरले.

"कापायचं कशाला? वाट," मामा म्हणाले.