रातपाळीच्या दिवसांतली गॅलरी

नवऱ्याची रातपाळी लागली की आमच्या घरात दिवस उगवायचाच नाही. तो सकाळी कापडाच्या लूमवरून यायचा, दोन घास पोटात ढकलायचा आणि आडवा व्हायचा. घर म्हणजे भेस्तानच्या वस्तीतली एक खोली. खिडकीला चादर टांगायची, मिक्सर लावायचा नाही, भांडं पडू द्यायचं नाही. मला हे जमायचं. पाच वर्षांच्या पोरीला कसं जमावं? ती कुजबुजायची तीसुद्धा अशी, की शेजारच्या खोलीतली म्हातारी "काय म्हणते गं?" म्हणून विचारायची. तो बिचारा नुसता कूस बदलायचा. पण झोप अर्धी राहिली आणि रात्री मशीनपुढे डुलकी लागली तर? हात गेला तर? या धास्तीने मीच तिला दटावत राहायची. "गप वं माय, गप!" सकाळपासून तेच. माझा मलाच वीट आला होता.

त्यात मे महिना, बालवाडीला सुटी. बागेत जावं तर ऊन डोक्यात शिरायचं. मॉलमध्ये नुसतं फिरलं तरी पोरगी दर दुकानापुढे फतकल मारून बसायची. एकदा नदीकडच्या बाजूला काही कामाने गेलो होतो, बसची वाट बघताना दोघींच्या जिवाची काहिली झाली. समोर एक मोठी पांढरी इमारत दिसली. पाटीवर गुजरातीत लिहिलं होतं, चित्रांचं प्रदर्शन, प्रवेश मफत, म्हणजे फुकट. आत एसी असणार एवढंच माझ्या डोक्यात आलं. खोटं कशाला बोलू, कलेसाठी नव्हते गेले मी.

आत गेल्यावर मला वाटलं आपण गोडाऊनमध्ये शिरलो. हॉलच्या मधोमध मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचा छातीएवढा ढीग, आणि त्याच्याभोवती दोरी बांधलेली, कुणी हात लावू नये म्हणून! मी म्हटलं, अरे देवा, हे काय मांडलंय? पोरगी मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, इथलं लगीन संपलं."

मी इतक्या मोठ्याने हसले की हॉल घुमला. आणि कोणी गप म्हणालं नाही. त्या दुपारी तिथे आम्ही दोघी आणि दारावरचा वॉचमन, एवढीच माणसं. पोरगी मनसोक्त बोलली. एक अख्खं काळं चित्र होतं, त्याच्यापुढे म्हणाली, "लाइट गेली." एका माणसाचा नुसता चेहरा, भिंतीएवढा. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाली, "याची रातपाळी आहे." मी बघितलं तर खरंच, डोळ्यांखाली तसेच खड्डे. एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर समुद्राचा व्हिडिओ चालू होता, लाट यायची, जायची, दुसरं काही घडायचंच नाही. मी कंटाळले. ती मांडी घालून बसली आणि पुढे काय होतं ते बघायचंय म्हणाली. काहीच होत नाही हे कळायला तिला फार वेळ लागला, आणि कळल्यावरही ती उठली नाही.

मग आम्ही रोजच जायला लागलो. सकाळचं आवरायचं, बापाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा, डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी घ्यायची आणि बस पकडायची. घरी आल्यावर माझ्या तोंडून दिवसभरात एकदाही 'गप' गेलेलं नसायचं. लेकरू तेच, आई तीच, पण तिथे आमचं फार गोड चालायचं. ती मला हाताला धरून चित्रं दाखवायची, जशी काही तिनेच लावलीत. माझ्या जन्मात मला कोणी असं काही दाखवलं नव्हतं. ती जागा सुटली असती तर आम्ही दोघी पुन्हा त्या चादर टांगलेल्या खोलीत, पुन्हा तेच दटावणं. म्हणून मी फार जपायची. पायऱ्यांवरच तिला बजावायची, "हात पाठीमागे बांध. कशाला म्हणून हात लावायचा नाही, कळलं?"

आणि हात लावला कोणी? मी!

झालं असं की एका मंगळवारी नवीन वस्तू लागली होती. छतापासून लोंबणारं पांढरं कापड, साडीपेक्षा रुंद, आणि त्यावर लाल दोऱ्याने भरलेलं अख्खं शहर, पूल, नदी, घरं. दोन्ही बाजूंनी फिरून बघता येईल असं टांगलेलं. पोरगी पुढच्या बाजूला पूल मोजत बसली. मी मागे गेले. आता माझं काम काय, तर घरी बसून साड्यांचं धागा कटिंग. एम्ब्रॉयडरी मशीनवरून साडी आली की तिच्या उलट्या बाजूला दोरे सुटलेले असतात, ते एकेक कापून साफ करायचे. गठ्ठेच्या गठ्ठे येतात. एक दोरा राहिला तरी पीस परत. त्यामुळे कापड दिसलं की मी सुलट बाजू बघतच नाही. लग्नात आहेर मिळाला तरी आधी पदर उलटा करून बघते, घरचे हसतात मला.

तर त्या कापडाच्या मागे दोरेच दोरे. सगळीकडून लोंबणारे, काही तर पार जमिनीपर्यंत. मला वाटलं, अगं बाई, कच्चा माल टांगला! एवढं सुंदर काम आणि साफ नाही केलं! पुढचं मला नीट सांगता येणार नाही. डाव्या हाताने कापड ताणलं, उजव्या हाताने दोरा धरला आणि दाताने कट्ट. मग दुसरा. मग त्याच्या शेजारचा. गाण्याची ओळ गुणगुणत होते बहुतेक. कापलेले दोरे सवयीप्रमाणे मुठीत. एक घर साफ करून मी नदीपर्यंत पोचले होते.

"अरे बहनजी! पागल हो गई हो क्या?"

वॉचमन धावत आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक माझी, कबूल, पण पागल? मी म्हटलं, "असं लोंबतं ठेवलं तर कोणीही तोडणार!" तो आणखी ओरडला, तुमच्यासारख्या लोकांना आत सोडायलाच नको होतं म्हणाला. माझे कान तापले. मनात म्हटलं, संपलं. या दाराला पुन्हा पाय लावायचा नाही.

तेवढ्यात पोरगी पुढून धावत आली. माझ्यापुढे उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "मैंने तोड़ा. मम्मी ने नहीं."

वॉचमनने तिच्याकडे बघितलं, मग वर कापडाकडे. तोडलेले दोरे तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होते. "तूने? इतना ऊपर?"

"कूद के," ती म्हणाली, आणि खरंच उडी मारून दाखवली.

आवाज ऐकून ऑफिसातल्या मॅडम आल्या. मी पोरीला मागे ओढलं आणि मूठ उघडून पुढे केली. म्हटलं, "हिचं ऐकू नका. मीच तोडले. आमचं कामच ते आहे, हात गेला." मॅडमचा चेहरा पडला. त्या हसल्या नाहीत. दोरे मुद्दाम ठेवले होते म्हणाल्या, ज्यांनी हे केलं त्यांना आता कळवावं लागेल. माझ्या हातातले दोरे त्यांनी एकेक करून एका पाकिटात ठेवले. मग पोरीकडे बघून जरा मऊ झाल्या. "बीजी वार ध्यान राखजो," पुढच्या वेळी जपा, एवढंच बोलल्या.

बाहेर आलो. पायऱ्यांवर बसून डबा उघडला, पोळीला चटणी लावून तिच्या हातात दिली. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते रागाचं की लाजेचं, माझं मलाच कळत नव्हतं. पोरगी मात्र मजेत चटणी चाटत होती. मी म्हटलं, "काय वं, खोटं का बोलली? त्याने तुला फटका दिला असता म्हणजे?"

"दिला असता तर रडले असते," ती म्हणाली.

"मग?"

"मग झालं. मला ओरडलं की मी थोडं रडते, मग परत जाते." तिने पोळीचा तुकडा मोडला. "तुला कोणी ओरडलं ना मम्मी, की तू परत जातच नाहीस. मग मला कोण आणणार?"

एवढंसं कारटं, आणि माझा सगळा स्वभाव ओळखून बसलं होतं. मला तिला छातीशी घट्ट धरावंसं वाटलं, पण हात चटणीचे होते. मी तशीच धरली. तिच्या फ्रॉकवर तेलाचा पंजा उठला.

रात्री नवरा कामावर निघाला तेव्हा त्याला काही सांगितलं नाही. सकाळी तो येऊन झोपला. मी उशाशी तांब्या ठेवला आणि डबा भरला. बसमध्ये ती खिडकीशी बसून बडबडत होती, मी नुसतं हं हं करत होते. गॅलरीच्या पायऱ्या चढलो आणि दारात वॉचमन दिसला. मी शेवटच्या पायरीवरच थांबले. वाटलं, वळावं, अजून बस गेली नसेल.

पोरगी एरवी माझा हात सोडून आत पळते. त्या दिवशी पळाली नाही. माझं बोट धरून तिथेच उन्हात उभी राहिली, एक शब्द न बोलता, माझा पाय दाराकडे उचलेपर्यंत.