तिथं दार हाय

"तिथं दार हाय, हे कुणाला ठाऊक?"

वकीलसाहेब एवढंच म्हणाले आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. दोन्ही तळवे पत्र्यानं कापलेले. रक्त कोपरापर्यंत आलेलं. अक्का, म्हणजे साहेबांची बायको, म्हणाली, "हात धुऊन घे आधी. कणीक मळायची राहिलीय." मी हात धुतले. कणीक मळली. मीठ लागून तळवे झोंबत होते आणि मी खाली मान घालून मळत होते.

झालं होतं ते असं. आमच्या घराचं दार बाहेर उघडतं. घर एवढंसं, दार आत उघडलं तर चूल ठेवायची कुठं? म्हणून अप्पानं, माझ्या बापानं, ते बाहेर उघडणारंच बसवलं. त्या रविवारी साहेबांचा जावई हैद्राबादहून आला होता. साहेबांच्या फाटकासमोर आधीच दोन गाड्या. म्हणून जावयानं आपली पांढरी गाडी आणून आमच्या दाराला चिकटवून लावली आणि तो आंघोळीला गेला.

आत मी आणि माझी माय. मायला दमा. चूल पेटलेली, दार लोटलेलं. धूर झाला म्हणून मी दार ढकललं. दार बोटभर उघडलं आणि थांबलं. पुन्हा ढकललं. बोटभरच. फटीतून पांढरा पत्रा दिसला. मी घाईत चुलीवर पाणी ओतलं, तर धूर दुप्पट झाला. माय जमिनीला तोंड लावून श्वास ओढत होती. मी ओरडले. शेजारची पाच घरं आमच्याच भाऊबंदांची, पण सगळे कामाला गेलेले. रविवार आम्हाला नसतो.

कणगीवर चढून मी छपराचा पत्रा हातानं वर ढकलला. वरचे दगड घरंगळले. त्या फटीतून अंग ओढून बाहेर पडले आणि साहेबांच्या घराकडं पळाले. अक्का दारात होती. म्हणाली, "जावई न्हायलाय. झालं की काढंल."

जावयाची आंघोळ झाली. मग त्यानं डोकं पुसलं. मग किल्ली शोधली. तोवर मी त्या गाडीला खांदा लावून ढकलत होते. गाडी हलत नव्हती आणि आतून मायचा आवाज येईनासा झाला होता. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. गाडी निघाली, दार उघडलं, मायला मी बगलेत धरून ओढून काढलं. ओठ काळेनिळे पडलेले. ती वाचली. खोकत खोकत वाचली.

आणि मी तिला शेजारच्या ओट्यावर बसवून कणीक मळायला गेले. कामून गेलीस, असं कोणी विचारलं तर एकच उत्तर आहे. भ्याले होते. साहेब कॉलनीचे अध्यक्ष. आमची सहा घरं कॉलनीच्या कोपऱ्यात. त्यांनी एक शब्द टाकला तर आम्ही रस्त्यावर, हे मला पोळी लाटता लाटता पाठ झालेलं होतं.

ती सहा घरं तिथं आली कशी, तेही सांगायला पाहिजे. आम्ही मेंढरं राखणारी माणसं, मूळ निर्णा गावाकडचे. माझ्या लहानपणी रानोरान फिरायचो. शेतकरी बोलावून रानात मेंढरं बसवून घ्यायचे. लेंड्यांचं खत रानाला, ज्वारी आम्हाला. मेंढरांभोवती वाघर लावायची, म्हणजे दोरीची जाळी. चार-आठ दिवस झाले की वाघर गुंडाळायची आणि पुढचं रान. निघताना अप्पा चुलीचे तीन दगड उलथे करून ठेवायचा. इथं आमचं काही राहिलं नाही, असा त्याचा अर्थ. "बसवलेल्या मेंढरानं रान मागायचं नसतंय," असं तो म्हणायचा. त्याचा हा बाणा सगळ्या भावकीत नावाजलेला होता.

बिदरच्या कडेला एका पाटलाचं रान होतं. दरसाल आम्ही तिथं बसायचो. मग रानांचे प्लॉट व्हायला लागले. चराई गेली. मेंढरं विकली. पाटील अप्पाला म्हणाला, "कोपऱ्यात ऱ्हावा. प्लॉटाकडं ध्यान ठेवा." आम्ही राहिलो. पाठोपाठ भावकीतली पाच घरं आली. बिगारी काम, विटा वाहणं, भांडी घासणं. पाटलानं प्लॉट विकले आणि तो दूर कुठं निघून गेला. आमचा कोपरा तेवढा नकाशात 'मोकळी जागा' म्हणून उरला.

मी सोळा-सतराची असताना नगरपालिकेची माणसं आली होती. हातात झोपड्यांची यादी. राहत्या जागेचा कागद द्यायचा होता, अर्जावर अंगठा मागत होते. अप्पा अर्जाला हात लावेना. म्हणाला, "आमी बसवलेले हाव. जागा पाटलाची. दुसऱ्याच्या रानाचा कागद घ्यायची आमची रीत न्हाई." तो वडीलधारा. त्यानं नाही म्हटलं म्हणून सहाही घरांनी नाही म्हटलं. ती माणसं हसली. त्यांनी यादीत काहीतरी लिहिलं. मी कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, मला वाचता आलं. आमच्या नावांपुढं 'तात्पुरते' असं लिहिलं होतं. ते चुकीचं आहे हे मला कळत होतं. बापापुढं तोंड उघडायची छाती झाली नाही. सहा घरांचा कागद त्या दिवशी गेला आणि त्यात माझाही वाटा आहे.

पुढं माझं लग्न झालं. नवरा पुण्याला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. मी माहेरी परतले आणि साहेबांच्या घरी स्वयंपाकाला लागले. तोवर कॉलनीत बंगले उठले होते. आधी स्कूटरी आल्या, मग गाड्या. ज्यांनी गाडीला जागा न सोडता भिंतीला भिंत लावून बंगला ताणला, तेच गाडी लावायला जागा नाही म्हणून रोज भांडायचे. माझ्या फाटकासमोर कामून लावलास, यावरून सख्खे शेजारी बोलेनासे झाले. मला गंमत वाटायची. आमच्या दारापर्यंत ही गंमत आली तेव्हा कळलं.

मायच्या त्या प्रकारानंतर महिना झाला असेल. कॉलनीच्या मैदानात मांडव घातला. गाड्यांची सोय कुठं करायची यावर रहिवाशांचं मत घ्यायला नगरपालिकेचा इंजिनिअर येणार होता. अक्का म्हणाली, "चहाला तू ऱ्हा." अप्पाही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो मांडवाच्या कडेला, चपला काढून ठेवतात तिथं, खाली बसला. खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याला बस कोणी म्हटलं नाही आणि त्याच्याही मनात आलं नाही.

इंजिनिअरनं मत लिहायचे कागद वाटायला दिले. एका खुर्चीवर एक उरला होता. मी तो उचलला. नुसता वाचायला. साहेबांनी सगळ्यांदेखत तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"हे रहिवाशांसाठी हाय. तू चहा दे."

दोन-चार जण हसले. वाईट हसले असंही नाही, घरातल्या पोराच्या खोडीला हसतात तसं. मी चहा दिला. एकेकाच्या पुढं वाकून दिला. चहा बशीत सांडत होता. आणि माझ्या डोक्यावरून मतं चाललेली.

डॉक्टर म्हणाले, माझे पेशंट गाड्या लावणार कुठं, जागा गाड्यांनाच पाहिजे. एक रिटायर मास्तर म्हणाले, गाडी ज्यानं त्यानं आपल्या कंपाउंडात लावावी, तिथं बाग करा. किराणा दुकानवाला म्हणाला, देऊळ बांधा, म्हणजे कोणी बोलणार नाही. भांडण चांगलंच जुंपलं. पण तिघांचंही बोट एकाच कोपऱ्याकडं होतं. माझ्या घराकडं.

इंजिनिअरनं नकाशा उघडला. "जागा मोकळी दिसायलीय. तिथं कुणी ऱ्हातंय का?"

"कुणी न्हाई," साहेब म्हणाले. "धनगरं हायत. येत्यात, जात्यात. त्यालाच विचारा की." मग मान वळवून, "ए धनगरा, इकडं ये."

वीस वर्षं ज्याच्या नजरेसमोर यांच्या विटा पडल्या, वाळू पडली, एक पोतं सिमेंट कधी हललं नाही, त्याचं नावही यांना माहीत नव्हतं. अप्पा उठला. पटका सारखा केला. हात जोडले. तो काय बोलणार हे मला आधीच कळलं.

"बसवलेले हाव, साहेब," अप्पा म्हणाला. "म्हनाल तवा उठू."

साहेब इंजिनिअरकडं बघून हसले. इंजिनिअरनं लिहायला मान खाली घातली. त्याचा पेन मला दिसत होता. सोळाव्या वर्षी असाच एक पेन मी बघितला होता. मला मुतायला लागल्यासारखं झालं. साहेबांचं घर गेलं, पगार गेला, उद्या नळावर पाणी भरू देणार नाहीत, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच्या मागं मायचे काळेनिळे ओठ.

"उठणार न्हाई."

आवाज माझाच होता. चिरका, घाबरलेला.

"तू चहा दे," साहेब हळूच म्हणाले.

मी चहाचा ट्रे त्यांच्या टेबलावर ठेवला. "चहा तुमचा तुमी घ्या, साहेब. मी तिथं ऱ्हाते. माझं दार हाय तिथं. मला कागद पायजे."

"गप, पोरी," अप्पा कळवळून म्हणाला. "आपली रीत न्हाई."

मी बापाकडं वळले. साहेबांना बोलण्यापेक्षा ते जड होतं. "अप्पा, मेंढरं इकून किती वर्सं झाली? वाघर कुठं हाय आता? आपून मेंढरं न्हाई. मानसं हाव."

अप्पा माझ्याकडं बघतच राहिला. त्याचे हात अजून जोडलेलेच होते. मग तो खाली बसला.

इंजिनिअरला उशीर होत होता. त्यानं कटकट नको म्हणून एक कागद माझ्यापुढं सरकवला. मी खुर्चीवर बसले. त्या कॉलनीत मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले आणि खुर्ची आता काढून घेतात की काय, या भीतीनं एका हातानं तिची कड धरून ठेवली. कागदावर पहिलाच प्रश्न होता, आपले वाहन कोणते. दुचाकी की चारचाकी. तिसरा चौकोन नव्हता. मी कानडीत लिहिलं: वाहन नाही. सहा घरे आहेत. सहा दारे आहेत. गाडी दाराला लावली तर आतले माणूस मरते. खाली सही केली. नाव पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट.

इंजिनिअरनं वाचलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "घेतो. पन नकाशात दारं दाखवत न्हाईत, बाई." कागद इतर कागदांमध्ये गेला.

त्याच संध्याकाळी अक्कानं माझा डबा फाटकाबाहेर ठेवला. काम सुटलं. घरी आले तर अप्पानं चूल विझवून तिचे तीन दगड उलथे करून ठेवलेले. वळकटी बांधलेली. माय भिंतीला टेकून आमच्या दोघांकडं बघत होती. मी वळकटी सोडली. दगड अजून गरम होते. पदरानं धरून एकेक सुलटा केला, चूल पेटवली आणि भाकरी टाकली. अप्पानं ती खाल्ली. जेवताना रडला. त्याची सचोटी खोटी नव्हती. पण ज्यांना सचोटी दाखवायची ते पाटील, ती रानं, काहीच उरलं नव्हतं, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

निकाल अजून लागलेला नाही. नगरपालिकेची माणसं कोपऱ्याच्या चारी बाजूंनी चुन्याच्या रेघा मारून गेलीत. आमचं घर रेघेच्या आत आहे. मी आता विटांवर जाते. सहा घरांतल्या बायका घेऊन नगरपालिकेत जाते, अर्ज देते आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलत नाही. पोच मागताना पाय लटपटतात. लटपटू देत.

भीती गेली, असं मी सांगणार नाही. ती गेलेली नाही. मागं सरकणाऱ्या गाडीचा आवाज आला की हातातलं टाकून मी दाराकडं धावते. माय दाराला कडी लावू देत नाही. परवा अप्पा म्हणाला, सुतार बोलावतो, दार आतल्या बाजूला उघडणारं करून घेऊ, चूल सरकवू थोडी, रोजचा जीव टांगणीला नको. शहाणपणाची गोष्ट होती. मायनंही मान हलवली.

मी नाही म्हटलं. दार बाहेरच उघडणार. सरायचं असेल तर गाडीनं सरावं.