पेन्शनसाठी जोडीचा फोटो

परवा कपाट आवरताना माझ्या जुन्या स्टुडिओतला पावडरचा डबा सापडला. झाकण उघडलं आणि त्या गोडसर, शिळ्या वासासरशी नाना समोर येऊन बसले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला देवपुरात मी नुकताच स्टुडिओ टाकला होता. माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, ते मुळीच पसंत नव्हतं. "पोरगी कॅमेरा लटकवून लग्नांत फिरणार? हाई काय काम शे?" रागावले की ते गावाकडचं बोलत. वर्षभर त्यांनी स्टुडिओत पाऊल ठेवलं नव्हतं.

त्या दुपारी मात्र आईला घेऊन आले. रिटायर होणार होते, पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागत होता. "काढ," एवढंच म्हणाले. घामेजल्या कपाळावर पावडर थापली, भांग नीट केला आणि बाकावर आईपासून हातभर लांब बसले.

"नाना, आईकडे सरका."

सरकले.

"अजून थोडं."

आई पदर तोंडाला लावून हसली. नाना चक्क लाजले, पण सरकले. घरात कुणाचं म्हणून न ऐकणारा माणूस माझ्या सांगण्यावरून हनुवटी खाली घेत होता.

तेव्हा वाटलं, गरज पडली म्हणून आले. परवा मी डबा हातात घेऊन बसले तेव्हा कुठे लक्षात आलं, त्यांच्या ऑफिससमोरच दोन स्टुडिओ होते. ते सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून, भर उन्हात आईला घेऊन नाना पांझरेचा पूल ओलांडून पायी आले होते.