वारा सुटला की कचेरी बंद

इथे परदेशात, अवोन्डेलला, आमच्या कुंपणापलीकडे को आजी राहतात. वय ब्याण्णव. कोरियाच्या दक्षिणेला जेजू नावाचं बेट आहे, तिथल्या. परसात मुळा आणि कोबी लावतात. मला आदराने टीचर म्हणतात; माझ्या मेथीकडे बघून दर वेळी विचारतात, "टीचर, हे गवत कधी काढणार?"

त्यांच्या लहानपणी कोरियावर जपानचं राज्य होतं. वडील गावच्या कचेरीत शिपाई. त्या कचेरीवर बेटाचा जपानी अधिकारी, पोलीसही त्याच्याच हाताखाली. त्याच्याही वर समुद्रापलीकडे, ग्वांगजू शहरात बसणारा प्रांताचा राज्यपाल. रताळी किती जमा करायची, कुणाला खाणीवर धाडायचं, त्याचे कागद तिथून बोटीने येत.

"वारा सुटला की बोट नाही. बोट नाही, तर हुकूम नाही," आजी सांगतात. "त्या दिवशी बाबा लवकर घरी यायचे आणि कचेरी बंद म्हणून गाणं म्हणायचे."

मागच्या महिन्यात आजी गॅस चालू ठेवून रविवारच्या बाजारात गेल्या. मुलगा सुंगहो हादरला. त्यांना या घरात राहू द्यायचं की वृद्धाश्रमात हलवायचं, हे ठरवायला एक नर्स आली. निघाली पुण्याची मुग्धा. आजींनी मलाही शेजारी बसवून घेतलं.

"जन्म कोणत्या प्रांतात झाला?" मुग्धाने आठवण तपासायला विचारलं. सुंगहो दुभाषा होता.

"दक्षिण जोल्ला," आजी म्हणाल्या.

सुंगहोने मान खाली घातली. "चूक आहे. जेजू हाच वेगळा प्रांत आहे. आईला आता हेही आठवत नाही."

मुग्धा काही लिहिणार, तेवढ्यात मी मराठीत म्हटलं, "मुग्धा, माझा जन्म परभणीचा. सांग, कोणत्या राज्यात?"

"महाराष्ट्रात, काकू."

"निजामाच्या. महाराष्ट्र पुष्कळ नंतर झाला. आजींना विचार ना, वडिलांच्या साहेबाचा साहेब कुठे बसायचा."

तिने विचारलं. आजी गावच्या कचेरीपासून पायरी पायरीने ग्वांगजूपर्यंत चढल्या आणि वाऱ्यापाशी येऊन थांबल्या. सुंगहो फोनवर शोधत होता. जपानी गेल्यावरच जेजू वेगळा प्रांत झाला होता; तोवर ते ग्वांगजूच्या हाताखाली, दक्षिण जोल्लातच होतं.

"मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू गणिताचे मार्क सोडून काही बोलायचास का?"

मुग्धा हसली, पण खरं तेच बोलली. "काकू, जुनं पक्कं आहे. आजचं मात्र सैल आहे." सकाळी काय खाल्लं, ते आजींना सांगता आलं नव्हतं. ठरलं ते असं: आपोआप बंद होणारी शेगडी, सकाळी मदतीला बाई, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर आजी इथेच राहणार.

सुंगहो आता दर रविवारी येतो. परवा वेळापत्रक घेऊन आला: आधी आंघोळ, मग गोळ्या, मग व्यायाम. बाहेर जोराचा वारा होता. आजींनी खिडकीकडे बोट दाखवलं.

"कचेरी बंद," त्या म्हणाल्या.

"गोळ्यांची चालू आहे," तो म्हणाला. त्याने गोळ्या दिल्या, वेळापत्रक फ्रिजवर ठेवलं आणि रबरी चपला घालून आईबरोबर मुळे उपटायला गेला.